१९३१-३२ चा स्कॉटिश हंगाम फाशांवर : २२ फेऱ्यांनंतरची नोंद

स्कॉटलंडच्या फुटबॉल लीगचा १९३१-३२ चा हंगाम मी गेले चार महिने दहा बाजूंच्या दोन फाशांवर पुन्हा खेळतो आहे. पहिल्या श्रेणीत २० संघ आणि प्रत्येकाचे ३८ सामने, म्हणजे एकूण ३८० सामने होतात. त्यांपैकी २२ फेऱ्यांचे २२० सामने काल रात्री वहीत चढले. विजयाला त्या काळच्या नियमाप्रमाणे दोनच गुण दिले आहेत.

हाच हंगाम का, असे मला अनेकांनी विचारले. दोन महायुद्धांच्या मधल्या २० हंगामांत ग्लासगोच्या दोन क्लबांपैकी रेंजर्सने १५ आणि सेल्टिकने ४ वेळा विजेतेपद मिळवले. उरलेले एकुलते एक विजेतेपद लॅनार्कशरमधल्या मदरवेल या पोलादाच्या गावाने याच हंगामात पटकावले आणि तेही रेंजर्स लागोपाठ पाच वेळा जिंकून बसलेले असताना. मदरवेलने ३८ पैकी ३० सामने जिंकले, ६ बरोबरीत सोडवले, २ गमावले आणि ६६ गुण मिळवले. रेंजर्सचे ६१ झाले. एवढ्या एकतर्फी कालखंडातला हा एक अपवाद फाशांवर टिकतो की नाही, हे मला पाहायचे होते.

पद्धत नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक संघाच्या कार्डावर दोन आकडे आहेत, एक सामन्यामागे केलेल्या गोलांचा आणि दुसरा खाल्लेल्या गोलांचा. एका संघाचा पहिला आकडा आणि प्रतिस्पर्ध्याचा दुसरा आकडा यांचा गुणाकार करून त्याला सगळ्या लीगच्या सरासरीने भागायचे, यजमानाला थोडे झुकते माप द्यायचे आणि जे उत्तर येईल त्याचा रकाना तक्त्यात शोधायचा. समजा, उत्तर ३ आले. मग फाशांवर (एक फासा दशकाचा, दुसरा एककाचा) ०० ते ०४ पडल्यास एकही गोल नाही, ०५ ते १९ ला एक, २० ते ४१ ला दोन, ४२ ते ६४ ला तीन, ६५ ते ८१ ला चार, ८२ ते ९१ ला पाच, ९२ ते ९६ ला सहा, ९७ किंवा ९८ ला सात आणि ९९ पडले तर आठ. आठ गोलांची सोय कशाला, असे आजच्या फुटबॉलवर वाढलेल्यांना वाटेल. परंतु १९२५ साली ऑफसाइडच्या नियमात चढाई करणारा खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये तीनऐवजी दोनच प्रतिस्पर्धी पुरेसे धरले जाऊ लागले, तेव्हापासून गोलांचा पूर आला होता आणि १९३१ सालीही तो ओसरलेला नव्हता.

कार्डे तयार करतानाच एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि तेव्हापासून ती डोक्यातून गेलेली नाही. या हंगामाचा विषय निघाला की मदरवेलच्या विली मॅकफॅडियनच्या ५२ गोलांपलीकडे सहसा कोणी जात नाही. ते स्वाभाविकच आहे, कारण ३४ सामन्यांत ५२ हा स्कॉटलंडच्या पहिल्या श्रेणीतला विक्रम आजही अबाधित आहे. परंतु मदरवेलचे एकूण गोल होते ११९ आणि रेंजर्सचे ११८. रेंजर्सकडेही सॅम इंग्लिश होता, ज्याने त्याच हंगामात लीगमध्ये ४४ गोल केले. म्हणजे गोल करणाऱ्या आघाडीच्या फळीच्या बाबतीत दोन्ही कार्डे जवळजवळ सारखीच आहेत, एकावर ३.१३ तर दुसऱ्यावर ३.११. फरक आहे तो दुसऱ्या आकड्यात. मदरवेलने ३१ गोल खाल्ले, रेंजर्सने ४२. माझ्या मते विजेतेपद या ११ गोलांत आहे आणि त्याचे श्रेय गोलरक्षक अ‍ॅलन मॅक्लोरी आणि त्याच्यापुढच्या फळीला जितके मिळायला हवे तितके मिळत नाही.

त्या फळीच्या मधोमध सेंटर हाफ अ‍ॅलन क्रेग होता. एप्रिल १९३१ मध्ये, म्हणजे याआधीच्या हंगामाच्या अखेरीस, हॅम्पडन पार्कवर स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात मदरवेल सेल्टिकविरुद्ध २-० ने पुढे होते. शेवटच्या काही मिनिटांत सेल्टिकने एक गोल फेडला आणि अगदी शेवटच्या मिनिटाला बगलेवरून आलेला चेंडू क्रेगच्या डोक्याला लागून स्वतःच्याच जाळ्यात गेला. फेरसामना सेल्टिकने ४-२ ने जिंकला. असा घाव बसलेला बचाव पुढच्याच हंगामात ३८ सामन्यांत ३१ गोल खातो, हे कार्डावरच्या ०.८२ या आकड्यावरून कोणाला कळणार नाही, म्हणून मी क्रेगचे नाव कार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. कार्डाच्या कडा मात्र डाळिंबी आणि हळदी रंगात रंगवल्या आहेत. फर पार्क या मैदानावरच्या संघाचे, म्हणजे मदरवेलचे, हेच रंग.

आता माझी चूक. गोल कोणी केला हे ठरवण्यासाठी मी तिसऱ्यांदा फासे टाकतो. मॅकफॅडियनचा वाटा काढताना ५२ ला ११९ ने भागून ४४ टक्के धरले आणि ०० ते ४३ त्याच्या नावे केले. त्याच वेळी तो ३८ पैकी ३४ सामनेच खेळला म्हणून चार सामन्यांत त्याला बाहेरही बसवायचे ठरवले. एकाच अनुपस्थितीचा दंड त्याला दोनदा बसतो आहे, हे १९ व्या फेरीपर्यंत माझ्या लक्षात आले नाही. तो मैदानात असताना संघाने साधारण १०६ गोल केले असतील असे धरले, तर त्याचा वाटा ४९ टक्के येतो. तीन सामने बाहेर बसलेल्या मॅकफॅडियनचे माझ्या वहीत २२ फेऱ्यांनंतर २४ गोल आहेत, प्रत्यक्षातल्या गतीने ते २९ च्या आसपास हवे होते. मागचे गोल खोडून नव्याने वाटायचे नाहीत, असे मी ठरवले आहे. २३ व्या फेरीपासून ०० ते ४८ त्याचे.

डाव्या बगलेबद्दल मात्र समाधान आहे. इनसाइड लेफ्ट जॉर्ज स्टीव्हन्सन आणि आउटसाइड लेफ्ट बॉब फेरियर ही जोडी त्या काळात स्कॉटलंडभर वाखाणली जात असे. फेरियरचा जन्म शेफील्डचा, त्यामुळे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाचे दार त्याला कायमचे बंद राहिले. व्यवस्थापक जॉन हंटर, ज्यांना सगळे सेलर म्हणत, त्यांनी ही जोडी वर्षानुवर्षे मोडू दिली नाही. माझ्या फाशांनीही दोघांना न्याय दिला आहे.

एक सामना मी फाशांवर खेळलो नाही. ५ सप्टेंबर १९३१ रोजी आयब्रॉक्स या रेंजर्सच्या मैदानावर रेंजर्स आणि सेल्टिक समोरासमोर होते. उत्तरार्ध नुकताच सुरू झाला होता. सॅम इंग्लिश चेंडू घेऊन गोलकडे धावला, सेल्टिकचा गोलरक्षक जॉन थॉमसन त्याच्या पायांशी झेपावला आणि त्याचे डोके इंग्लिशच्या गुडघ्यावर आदळले. बदली खेळाडूंची सोय नव्हती, त्यामुळे चिक गिटन्स गोलमध्ये उभा राहिला. थॉमसन त्याच संध्याकाळी रुग्णालयात वारला; तो २२ वर्षांचा होता. तो अपघातच होता, तरीही इंग्लिशचा पिच्छा त्याने सोडला नाही आणि पुढच्याच वर्षी तो लिव्हरपूलला गेला. फेऱ्यांचे वेळापत्रक मी माझ्या सोयीने लावले आहे, परंतु हा सामना त्याच तारखेला ठेवला आणि प्रत्यक्षातला ०-० हाच निकाल शाईने लिहिला. त्या दिवशी पुढचा सामना खेळलो नाही.

आजची स्थिती अशी : माझ्या वहीत रेंजर्स १७ विजय, ३ बरोबरी आणि २ पराभवांसह ३७ गुणांवर आहेत, तर मदरवेल १६ विजय, ३ बरोबरी आणि ३ पराभवांसह ३५ वर. मदरवेलचे गोल ६८ आहेत, अपेक्षेपेक्षा जेमतेम एक कमी. खाल्लेले मात्र २५ आहेत, जिथे १८ असायला हवे होते. म्हणजे आघाडीची फळी जागेवर आहे आणि तरीही संघ मागे पडला आहे. माझ्या म्हणण्याला याहून सोयीचा पुरावा मिळणार नाही, पण मदरवेलच्या बाजूने बसलेल्या माणसाला तो गोड कसा लागावा? ०.८२ चे ०.७ करून टाकण्याचा मोह परवा झाला होता आणि खोडरबर हातातही घेतले होते. ते परत डब्यात गेले आहे. मॅकफॅडियनची चूक हिशेबातली होती, म्हणून दुरुस्त केली. मॅक्लोरीच्या मागे जाळ्यात गेलेले सात जादा गोल फाशांचे आहेत, ते तसेच राहतील. उरलेल्या १६ फेऱ्यांनंतर रेंजर्सच वर असले, तर शेवटच्या पानावर रेंजर्सचेच नाव लिहावे लागेल. २३ वी फेरी रविवारी.