विद्रूप, विरूप आणि फासणे

फलकाला कुणी काळे फासले की बेळगावच्या मराठी बातमीत 'विद्रूपीकरण' येते आणि कन्नड बातमीत 'विरूप'. मूळ संस्कृत शब्द विरूप. 'तद्रूप'मधला द 'तत्'मधून आला, विद्रूपमध्ये तसा त कुठेच नाही. तरी बोलण्यात विद्रूपच रुळला. कायद्याच्या मराठीत मात्र 'विरूपण' टिकून आहे.

विरूप म्हणजे मुळात फक्त 'नेहमीपेक्षा वेगळ्या रूपाचे'. पट्टदकलच्या देवळातला विरूपाक्ष, म्हणजे शिव, त्याच अर्थाने: ज्याचे डोळे इतरांसारखे नाहीत तो. 'खराब केलेले' ही या शब्दाची एक बाजू, तीच आपण उचलली. अशा मुद्दाम केलेल्या नासधुशीला इंग्रजीत वँडलिझम म्हणतात; तो शब्द 1794 सालचा, फ्रेंच राज्यक्रांतीतला. ग्रेग्वार या धर्मगुरूने तो चालवला आणि 455 मध्ये रोम लुटणाऱ्या वँडल टोळीच्या नावाला कायमचा डाग लागला.

खरी नेमकी आहेत ती आपली साधी क्रियापदे. रंग लावतात, तेलाने हात माखतात, चिखलाने पाय बरबटतात, पोरे भिंतीवर गिरगटतात, नाव कोरतात. फासणे या सगळ्यांहून वेगळे: जाड थर, मुद्दाम, आणि अपमानासाठी. तोंडाला फासतात तसेच पाटीला. 'विद्रूप केले' एवढ्याने पृष्ठभागावर काही चढले की त्यातून काही गेले, हे कळत नाही. साफ करणाऱ्याला तर तेवढेच कळायला हवे असते.

चढलेले निघते. पत्र्याच्या पाटीवरचे डांबर आधी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावे, मग केरोसिनच्या फडक्याने कडेकडून आत पुसत यावे. फडके सारखे बदलावे, नाहीतर तेच डांबर पातळ होऊन पसरते. शेवटी साबणपाणी. थिनर वापरला तर डांबराबरोबर अक्षरेही जातात.

जांभ्याच्या भिंतीवर हे चालत नाही. दगड सच्छिद्र, त्यामुळे ओतलेले केरोसिन डांबर आतच ढकलते. तिथे मुलतानी माती टर्पेंटाइनमध्ये कालवून सुमारे एक सेंटिमीटर जाड लेप द्यावा, दिवसभर प्लास्टिकने झाकावा, मग उघडा ठेवून वाळू द्यावा. वाळताना माती डाग वर ओढते. एका लेपात क्वचितच भागते. जवळपास विस्तव नको. तारेच्या ब्रशने जांभ्याची कातडी जाते आणि अडकलेले लोखंडाचे कण पुढे गंजतात. ॲसिड चुन्याचे सांधे खाते.

कोरलेले मात्र गेले ते गेले. भरता येते, पुसता येत नाही. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिरासारख्या संरक्षित वास्तूवर तर उपायही स्वतः करू नये, पुरातत्त्व खात्याला कळवावे. प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या कायद्यात, 2010 च्या दुरुस्तीनंतर, अशा वास्तूचे विरूपण केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.