चढा गंधार

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या पुढच्या खोलीत मी गेली चौदा वर्षे नवशिक्यांना गिटार शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या घरी पेटी असते आणि सा रे ग म त्यांच्या कानांवर आधीच पडलेले असते, म्हणून पाश्चात्त्य संज्ञा मी त्या ओळखीच्या स्वरांवरूनच समजावते. एकच तार घ्यायची आणि ती मोकळी, म्हणजे कुठेही न दाबता, वाजवून त्या स्वराला सा म्हणायचे. गिटारच्या दांडीवरील धातूच्या आडव्या पट्ट्यांना पडदे म्हणतात; एका पडद्याचे अंतर म्हणजे सेमीटोन आणि दोन पडद्यांचे म्हणजे टोन. मग दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक असे पडदे मोजत बाराव्या पडद्यापर्यंत गेले की मेजर स्केल, म्हणजेच आपल्या बिलावल थाटाचे स्वर, हाताखाली येतात. ही पद्धत मला अजूनही योग्य वाटते. परंतु तिच्यातील एक वाक्य मी वर्षानुवर्षे फारसा विचार न करता फळ्यावर लिहीत आले होते, आणि गेल्या पावसाळ्यातल्या एका शनिवारी ते मला पुसावे लागले.

त्या दिवशी आठवीतली एक मुलगी तिसऱ्या तासासाठी आली होती आणि पाऊस असल्यामुळे तिचे आजोबा सोबत आले होते. तरुणपणी ते सुरसागर तलावाच्या काठावरील संगीत महाविद्यालयात गायन शिकले होते. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये जी गायनशाळा सुरू केली, तिच्यातूनच ही संस्था वाढली, आणि बडोद्यातल्या त्या पिढीच्या अनेक मराठी घरांत तिथे शिकलेले कोणी ना कोणी असतेच. हे आजोबा, म्हणजे माझे काका, कारण मी त्यांना तसेच म्हणते, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून नातीचा तास ऐकत होते.

विषय होता स्वरांतर, म्हणजे दोन स्वरांमधील अंतर. मुलीने विचारले, "ताई, चौथ्या पडद्यावरच्या स्वराला थर्ड का म्हणायचं?" नवशिक्यांचा हा गोंधळ अगदी स्वाभाविक आहे, कारण पडदे मोजताना आपण सेमीटोन मोजतो आणि अंतराला नाव देताना स्वरांची नावे मोजतो. सा, रे, ग असे मोजले की गंधार तिसरा येतो, म्हणून तो थर्ड. तो तिसऱ्या पडद्यावर असेल तर मायनर थर्ड, म्हणजे कोमल गंधार, आणि चौथ्यावर असेल तर मेजर थर्ड. त्याच हिशेबाने सातव्या पडद्यावरचा पंचम फिफ्थ ठरतो आणि बाराव्या पडद्यावरचा तार सा ऑक्टेव्ह. हे तिला पटले. मग मी सवयीप्रमाणे फळ्यावर लिहिले, "मेजर थर्ड = शुद्ध गंधार", आणि सा, ग, प एकत्र वाजले की मेजर कॉर्ड होतो हे दाखवण्यासाठी तिच्याकडून ई मेजर, म्हणजे ई हा स्वर सा मानून होणारा मेजर कॉर्ड, वाजवून घेतला.

काका थोडा वेळ गप्प राहिले आणि मग फार संकोचाने म्हणाले, "ताई, रागावू नका, पण गंधार चढा लागतोय."

मला आधी वाटले की पावसाळी हवेने तारा हलल्या असतील. मी ट्यूनर लावून सहाही तारा तपासल्या. त्या बिनचूक होत्या. पुन्हा कॉर्ड वाजवला, आणि काकांनी त्यातला षड्ज, म्हणजे सा, धरून हलक्या आवाजात स्वतःचा गंधार लावला. तो गिटारच्या गंधारापेक्षा किंचित खाली होता आणि अतिशय गोड होता. तेव्हा मी ई मेजरमध्ये ज्या तारेवर गंधार वाजतो ती तिसरी तार खुंटी फिरवून, त्यांच्या गंधाराला मिळेपर्यंत जराशी उतरवली. कॉर्ड एकदम शांत झाला आणि काकांनी समाधानाने मान हलवली. त्यानंतर मी मुलीला जी मेजर वाजवायला सांगितले आणि पहिल्याच झटक्याला तिने तोंड वाकडे केले, कारण या कॉर्डमध्ये तीच मोकळी तार षड्जाचे काम करते आणि इतर तारांवरच्या षड्जांशी ती आता भांडू लागली होती. एका कॉर्डचा गंधार सुधारला आणि दुसऱ्याचा सा बिघडला.

तार पुन्हा जागेवर आणून मी मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी मागितली. माझ्या गिटारची तार नटपासून ब्रिजपर्यंत, म्हणजे तिच्या वरच्या टेकूपासून खालच्या टेकूपर्यंत, साधारण ६५० मिलिमीटर आहे, तेव्हा तिचा पाचवा भाग १३० मिलिमीटर. तार तिथे दाबली तर चार पंचमांश लांबी शिल्लक राहते आणि पाचास चार या प्रमाणाचा शुद्ध गंधार मिळतो. चौथा पडदा मात्र १३४ मिलिमीटरवर बसवलेला आहे. त्या चार मिलिमीटरांमुळे तार हवी त्यापेक्षा थोडी आखूड होते आणि स्वर चढतो. सेमीटोनचे शंभर भाग, म्हणजे सेंट, कल्पिले तर सुमारे चौदा सेंटने. पंचमाच्या पडद्याचा असाच हिशेब केला तर फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा निघतो, म्हणून काकांना पंचम खटकला नव्हता.

हे नुसते मोजून भागले नसते, ते ऐकवणे आवश्यक होते. मी ए स्वराची जाड तार त्या १३० मिलिमीटरच्या खुणेवर न दाबता केवळ बोट टेकवून छेडली आणि बोट लगेच उचलले. तानपुऱ्याच्या खर्जातून जसा स्वयंभू गंधार ऐकू येतो तसाच तिथून घंटेसारखा स्वर निघाला, आणि काका म्हणाले, "हाच." ती तार सेकंदाला ११० वेळा कंपते आणि हा स्वर तिच्या पाचपट, म्हणजे ५५० कंपनांचा असतो. तो घुमत असतानाच मी सर्वांत बारीक तारेवर नवव्या पडद्यावरचा गंधार वाजवला, ज्याची कंपने सुमारे ५५४ होतात. दोन्ही एकत्र ऐकू येताच सेकंदाला चार या गतीने आवाज लहान-मोठा होऊ लागला. त्या लाटा मुलीने बोटांवर मोजल्या. चौदा वर्षांत स्वरांतर ही संज्ञा कोणा विद्यार्थ्याला इतकी नेमकी समजलेली मी पाहिलेली नाही.

"मग पडदा चुकीचा बसवलाय का?" तिने विचारले. तसे नाही. गिटारमध्ये सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग केलेले असतात आणि प्रत्येक पडद्यागणिक कंपने साधारण १.०५९५ पटीने वाढतात, म्हणून कोणताही स्वर सा मानून तेच पडदे वापरता येतात आणि एकाच गाण्यात चार कॉर्ड बदलता येतात. तानपुऱ्याला एकच सा सांभाळायचा असतो, गिटारला बारा सांभाळायचे असतात. सतारीचे पडदे रागाप्रमाणे सरकवता येतात, गिटारचे पक्के ठोकलेले असतात. पेटीतही हीच बारा समान भागांची विभागणी रूढ झाली आहे, आणि तिच्या स्वरांविषयीच्या अशाच आक्षेपांमुळे १९४० पासून तीन दशके आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, हे काकांनीच नातीला सांगितले. त्या बंदीचे समर्थन मी करणार नाही. पण ज्या कानांना ती तक्रार होती, ते कान खोटे नव्हते.

मी फळ्यावरचे बरोबरीचे चिन्ह पुसले आणि तिथे "च्या जवळ" असे लिहिले.

तास संपत आला होता, पण कोणाचेच मन उठायला होत नव्हते. काकांचा सा म्हणजे पेटीवरची काळी एक. मी चौथ्या पडद्यावर कापो, म्हणजे सगळ्या तारा एकत्र दाबून धरणारा चिमटा, लावला, त्यामुळे ए स्वराची मोकळी तारच आता काळी एक झाली आणि बोटांची ठेवण न बदलता ‘की’, म्हणजे गाण्याची पट्टी, बदलते हेही मुलीला ओघातच समजले. मग तिला सांगितले की गंधार अजिबात वाजवू नकोस, सा आणि पंचम या दोनच तारा छेडत राहा. गिटारवादक ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात तो हाच. ती संथपणे छेडू लागली, काकांनी डोळे मिटून बिलावलाचे स्वर घेतले, आणि गंधारावर आले तेव्हा बराच वेळ तिथेच थांबले.