लगद्याचा गोंडवना, नोंद सहावी : सेशेल्सचा तुकडा आणि पारसिकची नती

कागदाच्या लगद्यातून खंड घडवायचं, पावसाळ्यात अडलेलं काम पुन्हा सुरू झालंय. जुलैत आफ्रिकेला बुरशी लागली, ऑगस्टमध्ये अंटार्क्टिकाला मधोमध तडा गेला, म्हणून दोन महिने काहीच लिहिलं नव्हतं. दिवाळीनंतर कळव्याची हवा जरा कोरडी झाली आणि आता सहा तुकडे खडखडीत वाळून तयार आहेत : आफ्रिका, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया, मादागास्कर आणि भारत.

बुरशीवरचा उपाय आमच्या शेजारच्या काकांनी सांगितला. त्यांची हयात पुस्तकबांधणीत गेली. आफ्रिकेची अवस्था बघून म्हणाले, "पोरी, खळीत चिमूटभर मोरचूद टाक. आम्ही वह्यांच्या खळीत तेच टाकायचो." टाकलं, आणि नंतरच्या एकाही तुकड्याला बुरशी आली नाही. मोरचूद विषारी असतं. हातमोजे घाला आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका.

जे ही नोंद पहिल्यांदाच वाचताहेत त्यांच्यासाठी : 65 सेंटीमीटर व्यासाच्या व्यायामाच्या चेंडूवर मी कागदाच्या लगद्याचे खंड घडवते आहे, एकेकाळी गोंडवना नावाच्या एकाच महाखंडात जोडलेले होते तेच. या मापात 1 सेंटीमीटर म्हणजे साधारण 196 किलोमीटर. सपाट नकाशातून कापलेले तुकडे मी पहिल्या नोंदीतच सोडून दिले होते. नकाशा सपाट करताना ध्रुवाकडचे भाग ताणले जातात, त्यामुळे त्यावरून कापलेला अंटार्क्टिका कुणालाच नीट लागत नाही. गोलावर घडवलेले तुकडे गोलावरच सरकवले की किनारे आपोआप बोलायला लागतात.

तुकड्यांची कड मी पाण्याच्या काठावर धरलेली नाही, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपात हाच निर्णय सर्वांत महत्त्वाचा आहे. समुद्राची पातळी वरखाली होत राहते. आजचा किनारा ही खंडाची खरी हद्द नव्हे. खंड संपतो तो समुद्रबूड जमिनीपलीकडच्या उतारावर. 1965 मध्ये एडवर्ड बुलार्ड, एव्हरेट आणि ॲलन स्मिथ यांनी संगणकावर अटलांटिकच्या दोन्ही काठांचे खंड जुळवून पाहिले, तेव्हा त्यांनी 500 फॅदम म्हणजे सुमारे 900 मीटर खोलीची रेषा घेतली होती. सरासरी चूक एका अंशाच्या आतबाहेर राहिली. माझ्या चेंडूवर एक अंश म्हणजे जेमतेम पावणेसहा मिलीमीटर. मीही तीच रेषा घेतली. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका एकमेकांत बसल्या तेव्हा मी स्वयंपाकघरातून घरच्यांना हाका मारून बोलावलं.

एका ठिकाणी मात्र दोन्ही तुकडे एकमेकांवर चढत होते, गिनीच्या आखातापाशी. चूक माझीच म्हणून दोन संध्याकाळी मी आफ्रिकेची कड घासत बसले. नंतर लक्षात आलं की तिथे नायजर नदीचा त्रिभुज प्रदेश आहे आणि तो खंड दूर गेल्यानंतर नदीने आणलेल्या गाळातून बनलाय. जोडलेल्या काळात तो अस्तित्वातच नव्हता. म्हणजे तिथे तुकडे चढायलाच हवेत. घासलेला भाग पुन्हा भरून घेतला.

आता पुरावे चिकटवण्याचं काम. 6 जानेवारी 1912 ला फ्रँकफर्टमध्ये आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने खंडवहनाची, म्हणजे खंड सरकत असल्याची, कल्पना मांडली, तेव्हा त्याच्यापाशी किनाऱ्यांच्या आकारापेक्षा कितीतरी जास्त काही होतं. मेसोसॉरस हा मीटरभराच्या आत मावणारा सरपटणारा प्राणी. त्याचे जीवाश्म फक्त आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाकडे आणि ब्राझीलच्या बाजूला मिळतात. तो अटलांटिक पोहून जाणारा नव्हता. माझ्या तुकड्यांवर त्याच्यासाठी निळे मणी आहेत, आणि दोन खंड जुळले की निळा पट्टा सलग होतो. ग्लॉसॉप्टेरिस या नामशेष झालेल्या वनस्पतीच्या पानांसाठी हिरवा धागा लावलाय. तो भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका अशा पाचही तुकड्यांवरून जातो. नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांत ही पानं आहेत. 1912 मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना मेलेल्या स्कॉटच्या तुकडीने ओढत आणलेल्या दगडांतही ती सापडली. शेवटच्या दिवसांत भुकेने आणि थंडीने खंगत असताना त्या माणसांनी सोळा किलो दगड टाकून दिले नाहीत, हे आठवलं की तो धागा ओवताना माझा हात सावकाश चालतो. लिस्ट्रोसॉरस हा जमिनीवरचा प्राचीन प्राणी लाल टिकल्यांनी : आफ्रिकेत, आपल्याकडे दामोदर खोऱ्यातल्या पंचेत थरांत, आणि 1969 पासून अंटार्क्टिकातही.

खरी अडचण भारताच्या पश्चिम कडेला आली. गोव्याच्या खालचा भाग मादागास्करच्या पूर्व किनाऱ्याला छान टेकतो. सुमारे 8 कोटी 80 लाख वर्षांपूर्वी हे दोघे वेगळे झाले आणि त्या ताटातुटीची खूण म्हणून उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवर त्याच काळातला ज्वालामुखी खडक आहे. पण मुंबईपासून सौराष्ट्रापर्यंत फट राहत होती. कितीही फिरवलं तरी तिथे बोट जात होतं.

उत्तर नकाशातच होतं, मी फक्त पाण्याच्या वरचं बघत होते. सेशेल्स. नकाशावर ही बेटं म्हणजे ठिपके, पण ती एका मोठ्या उथळ पठारावर उभी आहेत आणि त्या पठाराचा बराच भाग शंभर मीटरही खोल नाही. 900 मीटरची रेषा घेतली की ठिपक्यांचा एक तुकडा होतो, माझ्या मापात अंगठ्याच्या नखाएवढा. माहे बेटाचा दगड ग्रॅनाइट आहे, सुमारे 75 कोटी वर्षांचा. भर महासागरातल्या ज्वालामुखी बेटांवर असा ग्रॅनाइट नसतो, तो खंडाचा दगड. राजस्थानातल्या मालाणीच्या खडकांचं वयही त्याच सुमाराचं आहे. म्हणजे आज मुंबईपासून सुमारे 3,200 किलोमीटरवर, माझ्या चेंडूवर साडेसोळा सेंटीमीटरवर असलेला हा तुकडा एकेकाळी आपल्या किनाऱ्याला चिकटलेला होता. सातवा तुकडा म्हणून तो घडवला, फटीत ठेवला, आणि फट भरली.

तुकडा बसला, पण तो फाटून गेल्याची खूण आपल्या बाजूलाही दिसायला हवी ना? म्हणून गेल्या रविवारी पहाटे पारसिकच्या डोंगरावर गेले, बेलापूरच्या बाजूने. सोबत चुलतभाऊ, एक सपाट फळी आणि फोनमधला पातळीमापक. आपल्याकडचा सह्याद्री लाव्हाच्या थरांचा, साडेसहा-पावणेसात कोटी वर्षांपूर्वीचा. माथेरानकडे पाहिलं तर ते थर पाटावर रचल्यासारखे आडवे. पारसिकवर तसं नाही. जुन्या, बंद पडलेल्या खाणीच्या कापात दोन लाव्हांच्या मधला भाजलेल्या मातीचा तांबडा थर उघडा पडलाय. त्यावर फळी टेकवून चार जागी मोजलं : 12, 15, 11, 14 अंश. चारही वेळा उतार पश्चिमेला, समुद्राकडे. सरासरी 13 अंश. हीच नती, म्हणजे थरांचा कल, पुढे कायम धरली तर दर किलोमीटरला थर सुमारे 230 मीटर खाली जातो, म्हणजे ठाण्याच्या खाडीखाली बुडी मारतो.

भावाने फळी धरली होती. तो म्हणाला, "ताई, डोंगर घसरला असेल इथे." शंका रास्त होती, म्हणून आम्ही अर्धा किलोमीटर सरकून पुन्हा मोजलं. तिथेही तोच कल. आणि हा काही एकट्या पारसिकचा प्रकार नाही. किनाऱ्याला समांतर असा हा लांब पट्टा भूवैज्ञानिकांना माहीत आहे आणि तो ओळखला जातो आपल्या शेजारच्याच गावाच्या नावाने, पनवेल फ्लेक्शर, म्हणजे पनवेलचा वाक. थर नुसते वाकले की भेगांवर तुकड्यातुकड्यांनी कलले, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण किनाऱ्याची जमीन ताणली जाऊन फाटल्याशी त्याचा संबंध जोडला जातो. याच पट्ट्यात उत्तर-दक्षिण धावणाऱ्या भित्ती दाटीने आहेत, म्हणजे ताणाच्या भेगांत वर चढून गोठलेला शिलारस. वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडंही किनाऱ्याच्या याच भेगाळ पट्ट्यातली. लहानपणी आजीबरोबर त्या कुंडात पाय सोडून बसायचे. आता तिथलं पाणी मला वेगळं वाटतं.

सेशेल्स सुटून गेलं त्याला सुमारे 6 कोटी 30 लाख वर्षं झाली. मधल्या समुद्रतळावर कार्ल्सबर्गची पाण्याखालची पर्वतरांग आहे, जिथून नवा तळ दोन्ही बाजूंना सरकत जातो. 1962 मध्ये एचएमएस ओवेन या जहाजावरून ड्रमंड मॅथ्यूजने या रांगेचं चुंबकीय मोजमाप केलं, आणि 1963 मध्ये त्याने व फ्रेड व्हाइनने दाखवलं की तळाच्या खडकात सुलट-उलट चुंबकत्वाचे पट्टे गोठलेले आहेत. लाव्हा थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकाची दिशा धरून ठेवतो. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून उलटतात, म्हणून पट्टे. सागरतळ पसरतो याचा इतका मोठा पुरावा आपल्या किनाऱ्यासमोरच्या पाण्यात मोजला गेला, आणि मी तो इतकी वर्षं अटलांटिकचा समजत होते. पट्ट्यांसाठी काळी-पांढरी चिकटपट्टी आणलीय. ती रांगेच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखी लावायची आहे.

पुढचं काम : सेशेल्सचा तुकडा चिकटवायचा नाही. त्याच्या मागे आणि भारताच्या कडेला छोटे चुंबक बसवणार आहे, म्हणजे तो हाताने सुटा करून रांगेपलीकडे नेता येईल. आणि एक विचारणा. चंद्रपूर जिल्ह्यात पैनगंगेकाठी इरई गावाजवळ चुनखडकावर हिमनदीने घासून पाडलेले ओरखडे फेडन या भूवैज्ञानिकाने 1875 मध्ये नोंदवले होते, सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीचे. तुमच्यापैकी कुणी अलीकडे तिथे जाऊन आलं असेल, तर नदीला पाणी कधी कमी असतं आणि खडक उघडा दिसतो का, एवढं कळवा. फेब्रुवारीत जायचा विचार आहे.