अॅव्हलांश नॉइझ जनरेटर: लॅग १६ चा काटा अखेर निघाला

ट्रान्झिस्टरच्या जंक्शनच्या ब्रेकडाउनमध्ये उठणाऱ्या गोंगाटातून यादृच्छिक (रँडम) बिट काढणारं सर्किट मी बनवतो आहे. त्यात मागच्या अपडेटपासून अडून बसलेला प्रश्न सुटला. ५० किलोहर्ट्झने घेतलेल्या रॉ (प्रक्रिया न केलेल्या) बिटांच्या ऑटोकोरिलेशनमध्ये, म्हणजे बिटांचं ठरावीक अंतरावरच्या बिटांशी असलेलं साम्य मोजताना, १६, ३२, ४८ या लॅगवर (अंतरांवर) दिसणारे काटे गेले आहेत. दोष ट्रान्झिस्टरचा नव्हता आणि गोंगाटाचे ० किंवा १ करणाऱ्या कम्पॅरेटरचाही नव्हता. बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज वाढवून देणारं सर्किट) कमी लोडवर कसा वागतो, यात सगळी मेख होती.

सर्किट तेच आहे: २एन३९०४ चा बेस-एमिटर जंक्शन उलटा बायस केलेला, कलेक्टर मोकळा, १५ व्होल्टवरून १२० किलोओहममधून साधारण ५० मायक्रोअॅम्पिअर. हे १५ व्होल्ट एमटी३६०८ चिपचं बूस्ट मॉड्यूल देतं. त्याची स्विचिंग फ्रिक्वेन्सी १.२ मेगाहर्ट्झ, म्हणून पुढे १० मायक्रोहेन्री आणि १० मायक्रोफॅरडचा फिल्टर होता. त्याचा कॉर्नर (ज्याच्या वरच्या फ्रिक्वेन्सी तो अडवतो) सुमारे १६ किलोहर्ट्झवर येतो. स्कोपवर १.२ मेगाहर्ट्झचा मागमूस नव्हता, तरी काटे जागच्या जागी! कारण इतक्या कमी लोडवर ही चिप सलग स्विच करत नाही, पल्स गाळत झटक्याझटक्याने चालते. इथे ते झटके ३.१ किलोहर्ट्झच्या आसपास येत होते, म्हणजे फिल्टरच्या कॉर्नरच्या कितीतरी खाली. ५० ला ३.१ ने भागा, १६ मिळतात.

खात्री करायला सोपा उपाय: ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, रोध १८० किलोओहम, बाकी काही हलवायचं नाही. काटे तत्काळ गायब. असं काही दिसलं की आधी बॅटरीवर चालवून पाहा, फिल्टर नंतर बदला. स्कोपच्या प्रोबला लांब ग्राउंड क्लिप लावू नका. ती हवेतूनच स्विचिंगचे स्पाइक उचलते. टोकाची स्प्रिंग वापरा.

आउटपुटवर १ किलोओहमचा खोटा लोड लावला की झटके थांबतात, पण १५ मिलिअॅम्पिअर वाया जातात आणि त्या उष्णतेने शेजारच्या जंक्शनचं ब्रेकडाउन व्होल्टेज सरकतं. तो मार्ग सोडला. आता सॅम्पल घेताना कन्व्हर्टर चक्क बंद असतो. मॉड्यूलवर ईएन पिन (एनेबल, चालू-बंद करणारी) इनपुटला जोडलेली असते. तो ट्रेस कापून पिन मायक्रोकंट्रोलरला दिली. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर भरायचा, ईएन खाली ओढायची, ५ मिलिसेकंद थांबायचं आणि २०० मिलिसेकंद सॅम्पल घ्यायचे. ५० मायक्रोअॅम्पिअरला एवढ्या वेळात व्होल्टेज फक्त ०.१ व्होल्टने उतरतं.

यात एक खाच आहे. मॉड्यूलचा फीडबॅक डिव्हायडर (आउटपुट मोजणारी रोधांची जोडी) कपॅसिटर रिकामा करत राहतो: ०.६ व्होल्ट भागिले २.२ किलोओहम, म्हणजे सुमारे २७० मायक्रोअॅम्पिअर, जंक्शनच्या पाचपट! म्हणून मॉड्यूल आणि कपॅसिटरच्या मध्ये डायोड हवाच. शॉट्की नको, त्याची गळती जास्त, १एन४१४८ उत्तम.

निकाल: एनआयएसटीच्या ८००-९०बी मानकाच्या नॉन-आयआयडी अंदाजात (बिट स्वतंत्र आहेत असं न मानता) मिन-एन्ट्रॉपी, म्हणजे अंदाज न बांधता येणारा किमान भाग, बिटामागे ०.७१ वरून ०.९३ वर गेली. एका खिडकीत १०,००० बिट मिळतात, त्यामुळे दहा लाख सॅम्पल तुकडे जोडून बनवले. प्रत्येक तुकडा १,००० हून मोठा असला की मानकाला ते चालतं. हिशेबासाठी मात्र एच (बिटामागची मिन-एन्ट्रॉपी) ०.९ च धरतो आहे. दोन-घात-उणे-२० च्या खोट्या अलार्म दराला रिपिटिशन काउंटची (एकच बिट सलग किती वेळा आला हे पाहणाऱ्या चाचणीची) मर्यादा २४ येते.

आणि कृपा करून एसएचए-२५६ ने हॅश केल्यानंतरच्या बिटांवर आरएनजीटेस्ट (रँडमपणा तपासणारा प्रोग्राम) चालवून समाधान मानू नका. साधा काउंटर हॅश केला तरी तो पास होतो. बिटांच्या जोड्यांमधून ०-१ चा कल काढून टाकणारा फॉन नॉयमनचा उपायही इथे उपयोगाचा नव्हता. तो बिट परस्परांपासून स्वतंत्र आहेत असं गृहीत धरतो, आणि नेमकं तेच इथे खरं नव्हतं.

दुसऱ्या आघाडीवर छोटा आनंद: एटीईसीसी६०८ या सुरक्षा चिपचा (तिच्यात स्वतःचा रँडम जनरेटर असतो) कॉन्फिग झोन, म्हणजे सेटिंगचा भाग, लॉक झाला. लॉक होईपर्यंत रँडम कमांड एफएफ-एफएफ-००-०० हाच साचा परत देते, त्यामुळे चिप बिघडली असं समजून फेकू नका. लॉक परत उघडत नाही, म्हणून त्या झोनचे १२८ बाइट आधी वाचून, ताडून घ्या. आता खरे ३२ बाइट येतात. आपले ५१२ रॉ बिट आणि हे ३२ बाइट एकत्र हॅश करायचे आहेत. २५६ बिटांचा निकाल पूर्ण रँडम मानायला आत ३२० बिट एन्ट्रॉपी लागते. ५१२ गुणिले ०.९ म्हणजे ४६०, तेव्हा चिपवर शून्य भरवसा ठेवला तरी पुरतं.

पुढे पीसीबी काढायचा विचार होता, पण हे लिहिताना वेगळं सुचलं: दुसरा २एन३९०४ तसाच लावून दोघांचे सिग्नल कम्पॅरेटरच्या दोन इनपुटांना द्यायचे. सप्लायमधून येणारं जे दोन्हीकडे सारखं, ते कटेल. करंट दुप्पट, उतार ०.२ व्होल्ट, तोही चालेल. फक्त जोडी जुळवावी लागेल. ब्रेकडाउन व्होल्टेज डेटाशीट किमान ६ व्होल्ट सांगते, प्रत्यक्षात ८ ते १२ पर्यंत काहीही निघतं, आणि मिश्र पाकिटातले नग तर मुळीच जुळत नाहीत. एकाच बॅचची कट टेप घ्या आणि ५० मायक्रोअॅम्पिअरवर मोजून वेगळे करा. पीसीबी थांबला, आधी ब्रेडबोर्डवर ही जोडी.