तुम्ही विचारलंत म्हणून: कार्यक्रम लांबला, दोन दिवस काय करू?

दौऱ्यावरचे वादक छत्रपती संभाजीनगरात (जुन्या माणसांच्या तोंडी अजून औरंगाबादच) अडकले की फोन ठरलेला. "भाऊ, कार्यक्रम परवावर गेला. दोन दिवस मोकळे आहेत, काय बघू?" आधी वाद्याकडं बघा. गाव कुठं पळून जात नाही.

इथली हवा कोरडी. मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. कोरड्या उन्हात चामड्यातला ओलावा जातो, पुडी (तबल्याच्या तोंडावरचं चामडं) आकसते आणि मुंबईच्या दमट हवेत जुळवलेला तबला इथं हात न लावता चढतो, म्हणजे त्याचा सूर वर जातो. तसाच ताणलेला ठेवलात तर पुडी फाटायची भीती. म्हणून मुक्काम वाढल्याचं कळताच गजऱ्याला (पुडीच्या काठाची विणलेली चामडी कड) खालून वर हलके घाव देऊन तबला अर्धा-एक सूर उतरवा. तेवढ्यानं भागलं नाही तर गठ्ठे (बाजूच्या चामडी पट्ट्यांखालचे लाकडी ठोकळे) थोडे वर सरकवा. वरून जाड कापड घाला, पण ओलं फडकं नको. शाई (पुडीवरचा काळा गोल) खळीत घोटून बसवलेली असते, ओल लागली की ती सुटायला लागते. सतार-तानपुऱ्याच्या तारा सैल करा, भोपळ्यावर उन्हाची तिरीप येऊ देऊ नका. पेटीचा (हार्मोनियमचा) भाता बंद करून खटका लावा, वर कापड टाका. धुळीचा एक कण सुराखाली (आतल्या पितळी पट्टीखाली) अडकला तरी तो सूर मुका होतो.

लॉजवर सगळ्यात वरचा मजला टाळा, तिथला स्लॅब रात्रीपर्यंत निवत नाही. एसीच्या झोतासमोर किंवा बंद गाडीत वाद्य ठेवणं तितकंच वाईट. रेल्वेच्या क्लोकरूमचा विचार करत असाल तर तिथं कुलूपबंद सामान लागतं आणि तबल्याच्या कापडी पिशवीला कुलूप लागत नाही. रंगमंदिराच्या व्यवस्थापकाला विचारून आतल्या खोलीत ठेवता आलं तर उत्तम.

आणि हो, वेळ आहे म्हणून इथं नवी पुडी चढवून घेऊ नका. नवी पुडी बसायला दिवस लागतात, तोवर ती सूर धरत नाही. वादी (पुडी ताणून धरणारी चामडी पट्टी) तुटली असेल तर तेवढी बदला.

आता गाव. सकाळी लवकर औरंगाबाद लेणी गाठा. बीबी का मकबऱ्याच्या मागं, दोनेक किलोमीटरवर, डोंगरात आहेत. लोक मकबरा बघून परत फिरतात आणि वादकानं बघायची नेमकी तीच गोष्ट राहून जाते. लेण्यांचे दोन गट आहेत, मध्ये साधारण किलोमीटरभराचं अंतर. वेळ कमी असेल तर थेट पूर्वेकडच्या गटातल्या ७ नंबरच्या लेण्यात जा. गाभाऱ्यात बुद्धमूर्तीच्या शेजारच्या, डावीकडच्या भिंतीवर एक नर्तिका आणि तिच्या दोन्ही अंगांना वाजवणाऱ्या सहा बाया कोरल्या आहेत: बासरी, झांजा, चामड्याची तालवाद्यं. सहाव्या-सातव्या शतकातला हा पुरा वाद्यवृंद आहे, आणि एकही पुरुष नाही त्यात! आत अंधार असतो, बॅटरी न्या. प्रकाश समोरून मारलात तर शिल्प सपाट दिसतं. बाजूनं धरा, मग वाद्यावरचे हात दिसतात. परतीला तिथं रिक्षा मिळत नाही, म्हणून जाण्या-येण्याचं आणि थांबण्याचं भाडं आधीच ठरवा.

दुपारी उन्हात फिरू नका. पाणचक्कीला बसा. सहाएक किलोमीटरवरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून, निव्वळ उताराच्या जोरावर आणून त्यावर जातं फिरवलं जाई. हौदाच्या तळाखालीच दालन आहे. डोक्यावर पाणी असल्यानं आत गारवा.

संध्याकाळी गुलमंडी आणि जुन्या शहरात नान-खलिया. खलिया म्हणजे मटणाचा तर्रीदार रस्सा. वादकांनी खुशाल ओरपावा. गाणाऱ्यांनी कार्यक्रमाच्या आदल्या रात्री मात्र बेतानं. पित्त घशाशी आलं की सकाळी आवाज घोगरा.

दुसऱ्या दिवशी वेरूळ, साधारण ३० किलोमीटर. मंगळवारी बंद असतं. कैलास लेण्यात (१६ नंबर) सगळेच रमतात, पण सूर ऐकायचा तर १० नंबरचं चैत्यगृह (बौद्ध प्रार्थनागृह). वर दगडी कमानींचं छत, आवाज बराच वेळ घुमत राहतो. चौकीदाराला विचारा, गर्दी नसेल तर षड्ज (सा) लावा आणि विरू द्या. द्रुत तान घेऊ नका, मागची पुढचीत मिसळून नुसता गोंधळ होतो. अजिंठा याच दौऱ्यात उरकायचा हट्ट नको. १०० किलोमीटर आहे, पूर्ण दिवस जातो, सोमवारी बंद.

वेरूळच्या वाटेवर दौलताबाद लागतं, जुनं देवगिरी. तेराव्या शतकात सिंघण यादवाच्या दरबारी हिशेबाचं खातं सांभाळणाऱ्या शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर' हा संगीतावरचा ग्रंथ लिहिला तो इथं. सात अध्याय, सहावा वाद्यांचा. हिंदुस्तानी आणि कर्नाटक, दोन्हीकडचे लोक त्याचा आधार घेतात. गड चढायचा तर हातात तीन तास ठेवा. ते नसतील तर खालूनच बघून पुढं निघा.

कार्यक्रमाच्या दिवशी मात्र दुपारनंतर कुठंच नको. चारला पिशवी उघडा, अर्धा तास वाद्याला कार्यक्रमाच्या जागच्या हवेत राहू द्या, मग जुळवा. स्टेजवरचे दिवे लागल्यावर पुन्हा एकदा बघा. त्या उष्णतेनं तबला परत चढलेला असतो.