नाव जपानी, बोर्ड मराठी

भाच्याने नोकरी सोडून कॅफे काढायचं ठरवलं तेव्हा घरात जी रडारड व्हायची ती होऊन गेली, त्यावर काही लिहीत नाही. खरा राडा नावावरून झाला. गाळा कोथरूडमधला, जेमतेम चार टेबलं बसतील एवढा, विकायला माचा म्हणजे जपानी हिरवा चहा, कोल्ड कॉफी, दोनचार प्रकारचे केक, आणि नाव मात्र जपानीच हवं, कारण त्याची जपानीची एन-फोर परीक्षा झालीये आणि पुण्यात जपानी शिकणारी पोरं ढिगाने आहेत, ती येणारच असं त्याचं गणित.

मी म्हटलं, अरे आपल्याकडे नावं संपली का? तर म्हणे, मामा, जपानी नाव वाचलं की माणूस आपोआप समजून चालतो की इथे सगळं स्वच्छ, नीटनेटकं आणि थोडं महागच असणार. पोरगं चुकत नव्हतं. मिनिसो चिनी कंपनी, २०१३ ची, पण कितीतरी वर्षं जपानी डिझायनर ब्रँड म्हणून मिरवली आणि २०२२ मध्ये चीनमधलेच लोक चिडल्यावर माफी मागून मोकळी झाली. इंग्लंडात डिक्सन्स नावाच्या दुकानवाल्यांनी आपल्याच ब्रँडच्या टीव्हीला मात्सुई असं जपानी नाव ठेवून ते विकले. म्हणजे हा धंदा जुना आहे, भाचा फार तर उशिरा आला.

मग आम्ही सगळेच नावं काढायला बसलो. पहिला नियम म्हणजे ल चालणार नाही, जपानीत ल नाहीच, त्यामुळे माझी बहीण जे जे सुचवत होती ते सगळं बाद. दुसरं म्हणजे न सोडला तर शब्दाच्या शेवटी कुठलंही अक्षर अर्धं तोडायचं नाही, स्वर लावायचा. आणि गंमत म्हणजे त्यांची बाराखडी क, स, त, न, ह, म, य, र, व अशीच चालते, बौद्ध भिक्षूंमार्फत आपल्याकडचाच क्रम तिकडे गेलाय. हे ऐकून आमच्या मातोश्री एकदम खूश, जणू तो क्रम त्यांनीच पाठवला होता.

त्याने आणलेल्या लिस्टमध्ये सगळ्यात वर होतं मोरी. अर्थ जंगल. लॅपटॉपवर इंग्रजी अक्षरात, खाली एक झाड वगैरे, खरंच छान दिसत होतं हो. पण महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत लागते, आणि ती अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा छोटी चालत नाहीत, २०२२ पासून छोट्या दुकानांनाही हे लागू आहे. म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला आधी काय दिसणार, तर ठळक अक्षरात मोरी, आणि आत लोक खातायत. बहीण म्हणाली, मोरीत बसून मी केक खाणार नाही.

मोची म्हणजे तांदळाची मऊ मिठाई. हे नाव लावलं असतं तर पहिल्या दिवशी कुणीतरी चप्पल घेऊन आलं असतं. काकी म्हणजे तिकडचं एक केशरी फळ. ते माझ्या बायकोने बाद केलं, कारण भाऊकीत सध्या कुठल्या काकीचं नाव लावलं यावर वर्षभर पुरेल एवढं भांडण झालं असतं. कासा म्हणजे छत्री, नाका म्हणजे आत किंवा मध्ये. नाका मला आवडलं होतं, पत्ता सांगायला सोपं, पण भाचा रुसला.

शेवटी तोच हळूच म्हणाला, आजी. जपानीत आजी म्हणजे चव. तसं बघितलं तर तो उच्चार ऱ्हस्व आहे, अजि असं लिहायला हवं, पण अजि वाचलं की पुढे सुनते हो असंच ऐकू येतं, म्हणून दीर्घच ठेवलं. आई म्हणाली, अरे पण लोक थालीपीठ मागतील ना. तो म्हणाला, मागू देत, चव म्हणजे चवच. ती वरवर नको नको करत होती पण संध्याकाळपर्यंत तिने सोसायटीतल्या तिघींना फोन करून सांगितलं की नातवाने दुकानाला माझं नाव ठेवलंय. आम्ही कुणी तिला चवीचं परत समजावलं नाही.

बोर्डवाल्याला भाच्याने व्यवस्थित समजावून सांगितलेलं. पांढरी पाटी, काळी अक्षरं, आणि बाजूला ब्रशच्या एका फटक्यात काढलेला गोल, थोडासा उघडा, झेनवाले काढतात तसा. उद्घाटनाच्या आदल्या रात्री पाटी आली. गोल होता, अगदी सांगितला तसाच. पण बोर्डवाल्याला तो रिकामा बघवला नसावा, त्याने आपल्या मनाने त्यात एक म्हातारी बसवलेली. अंबाडा, गोल चष्मा, नाकात ही एवढी नथ. एक्स्ट्रा चार्ज नाही घेतला म्हणाला.

भाच्याने डोकंच धरलं. मी आईला फोटो पाठवला. दहा मिनिटांनी तिचा फोन.

"हे काय रे, मी कधी नथ घालते?"