दुरंगी टोमॅटो, ऑगस्टअखेर: गोल्ड मेडल, पाइनॅपल, हिलबिली

गोल्ड मेडल पिकले एकदाचे! न्यू जर्सीत इतर टोमॅटो जुलैतच खाऊन कंटाळा येतो पण या दुरंगी जाती मात्र ऑगस्टशिवाय हाताला लागत नाहीत, सगळ्याच उशिराच्या. आता तिन्ही जाती चाखून झाल्यात म्हणून सविस्तर लिहितेय.

लागवडीचं थोडक्यात: बी मार्चअखेर बेसमेंटमध्ये ग्रो लाइटखाली, मेच्या मध्यानंतर रोपं बाहेर, खोड बरंच खोल गाडलं कारण टोमॅटोला खोडावरही मुळं फुटतात. दुकानातले शंकूसारखे केज, म्हणजे आधाराचे तारेचे सांगाडे, या वेलींना अजिबात पुरत नाहीत, काँक्रीटमध्ये घालतात ती लोखंडी जाळी गोल वळवून घ्या, वाढ थांबतच नाही यांची. खालची पानं काढून टाकायची आणि बुंध्याशी पेंढा अंथरायचा, म्हणजे पावसात माती उडून पानांवर रोग चढत नाही.

आता मुख्य मुद्दा, रंग. हापूसला खांद्यावर लाली चढते ना, इथे उलटं, आधी अख्खं फळ पिवळं होतं आणि मग बुडाकडून, म्हणजे फूल गळतं त्या टोकाकडून, लाल वर सरकतो. ही लाली लायकोपीन या लाल रंगद्रव्याची, आणि तापमान साधारण ३० अंश सेल्सियसच्या वर राहिलं की लायकोपीन बनणं मंदावतं. त्यामुळे उन्हाच्या लाटेत पिकलेली फळं जवळजवळ सोनेरीच राहिली, आणि रात्री जरा गार व्हायला लागल्यावरची बघा, आडवी कापली की पार मध्यापर्यंत लाल रेघा! पण लायकोपीनला स्वतःची चव नसते हो, म्हणून गरमीत लाली यायची वाट बघत फळ झाडावर ठेवू नका, पिठूळ होतं. खांद्यावरचा हिरवा जाऊन सोनेरी आला आणि बूड हाताला किंचित मऊ लागलं की तोडायचं. फ्रिजमध्ये तर नाहीच, १२ अंशांखाली वास मरतो.

चवीत माझ्या मते गोल्ड मेडल पहिला, बिनतोड. गोड, आंबटपणा अगदी कमी, गर गुळगुळीत, बिया थोड्या. ही जात १९२१ साली बियाणे विकणाऱ्या जॉन लुइस चाइल्ड्सच्या कॅटलॉगमध्ये रुबी गोल्ड नावाने होती, पुढे १९७६ मध्ये ओहायोचे जुन्या टोमॅटोंचं बी जपणारे बेन क्विझनबेरी यांनी तिला गोल्ड मेडल म्हटलं, आणि खाल्ल्यावर ते नाव पटतं. पाइनॅपल आकाराने सगळ्यात मोठा आणि वासाला फळासारखा, पण जोराचा पाऊस झाला की तडकतो आणि पाणचट लागतो, म्हणून पावसाचा अंदाज असला की मी आदल्या दिवशीच तोडते. हिलबिली मूळचा वेस्ट व्हर्जिनियाचा, तिघांत जरा चटका असलेला, सँडविचला मस्त.

यांचं सार मात्र करू नका प्लीज. आंबट नसल्यामुळे सार गुळचट होतं आणि तो सुंदर रंगही शिजून जातो. सारासाठी आपला लाल रटगर्स टोमॅटोच, इथल्याच रटगर्स विद्यापीठाने १९३४ मध्ये दिलेला, गोड-आंबट बरोब्बर. दुरंगीची कोशिंबीर करा, मोठ्या फोडी, दाण्याचं कूट, हिरवी मिरची, कोथिंबीर, वरून तूप-जिऱ्याची फोडणी गार करून, साखर बिलकुल नको आणि मीठ अगदी वाढताना, नाहीतर पाणी सुटतं.

बियांसाठी गोल्ड मेडलच्या काही फुलांना उमलायच्या आधीच जाळीची पिशवी बांधली होती. टोमॅटो बहुतेक स्वपरागीच, तरी या मोठ्या जातींच्या जोडफुलांत मधमाश्या संकर करू शकतात. ती फळं आता तयार आहेत, गर बरणीत दोन-तीन दिवस आंबवायचा, तळाला बसलेलं बी धुऊन ताटलीत वाळवायचं. पुढच्या वर्षी शेजारी लकी क्रॉस लावायचा विचार आहे, बटाट्यासारख्या पानांचा दुरंगी, कोणी लावला असेल तर चव कशी आहे ते नक्की सांगा.